पन्नीचे वजन

घनकचऱ्याच्या शास्त्रात व्यावसायिकांचे दोनच वर्ग संभवतात, एक ज्यांचा कचरा तराजूत बसतो त्यांचा आणि दुसरा ज्यांचा कचरा वाऱ्यावर उडून जातो त्यांचा. केंद्र सरकारच्या ८ एप्रिल २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी पहिल्या वर्गातील थोरांना ‘मोठा कचरा उत्पादक’ अशी पदवी बहाल केली. दिवसाला सरासरी १०० किलोंहून अधिक कचरा करणारे हॉटेल, मंगल कार्यालय वा बाजार या पदवीस पात्र ठरला, आणि त्याने ओल्या कचऱ्याचे, म्हणजे उष्ट्या-खरकट्याचे, खत किंवा बायोगॅस शक्यतो आपल्याच आवारात करावा, अशी अपेक्षा धरली गेली. चंद्रपूर आणि गडचिरोली या वनजिल्ह्यांत मात्र या व्यवस्थेला पानठेल्याने निरुत्तर केले आहे.

पानठेल्याचे प्रमुख उत्पादन खर्रा. सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पातळ तुकड्यात, म्हणजे पन्नीत, घेऊन तो फळीवर तळहाताने घोटला जातो, आणि त्याच पन्नीची पुडी बांधून गिऱ्हाईकाच्या हाती दिली जाते. घोटण्याचे साधन, वेष्टन आणि ताट ही तिन्ही कामे एकटी पन्नी करते, आणि शेवटची चिमूट गालात गेली की नाली तुंबवण्याचे चौथे कामही विनावेतन पत्करते. ही पन्नी उदारपणे एक ग्रॅमची धरली, तरी १०० किलोंची पायरी गाठण्यासाठी एका ठेल्याला रोज एक लाख खर्रे घोटावे लागतील. तेवढे मनगट या झाडीपट्टीतही अद्याप कोणाला लाभलेले नसल्याने ठेलेवाला पदवीपासून वंचित राहतो. फेरीवाल्याने कचऱ्यासाठी स्वतंत्र डबा ठेवावा, असे २०१६ चे नियम सांगत. डबे ठेल्यावर पुष्कळ असतात, फक्त त्यांत सुपारी असते.

राज्य सरकारने २३ मार्च २०१८ रोजी प्लास्टिकबंदीची अधिसूचना काढून पहिल्या गुन्ह्यास ५,००० रुपये, दुसऱ्यास १०,००० रुपये आणि तिसऱ्यास २५,००० रुपयांसह तीन महिने कैद अशी चढती भाजणी लावली. चढत्या भाजणीस गुन्हे मोजणारा लागतो, आणि मोजणाऱ्याच्या गालात तोच ऐवज असल्यास पुराव्याची विल्हेवाट जागच्या जागी लागते. घनकचरा नियमांना अभिप्रेत असलेल्या विकेंद्रित प्रक्रियेचे याहून उत्तम उदाहरण सापडणे कठीण आहे.

अन्नाच्या नासाडीचा विचार केल्यास प्रकरण अधिक तात्त्विक होते. २०१६ चे नियम मुख्यतः शहरे आणि जनगणनेने ‘नगर’ ठरवलेल्या वस्त्यांपुरते होते, सर्वसाधारण खेडे त्यांच्या कक्षेबाहेर होते. त्यामुळे पर्यटकाने ताटात टाकून दिलेली पनीरची भाजी चंद्रपूर महानगरपालिकेच्या हद्दीत ‘ओला कचरा’ ठरत असे, तर ताडोब्याच्या मोहर्ली किंवा कोलारा प्रवेशद्वाराजवळच्या रिसॉर्टमध्ये ती केवळ उरलेली भाजी असे. १ एप्रिल २०२६ पासून लागू झालेल्या नव्या नियमांनी गावांनाही कवेत घेतले, कचऱ्याचे तीनऐवजी चार वर्ग केले आणि २०,००० चौरस मीटर बांधकाम असणाऱ्याला किंवा दिवसाला ४०,००० लिटर पाणी वापरणाऱ्यालाही मोठ्यांच्या पंगतीत बसवले. भाजीला अखेर नागरिकत्व मिळाले.

मधल्या काळात जंगलाने स्वतःची प्रक्रिया चालूच ठेवली होती. खरकट्यावर कुत्री आणि डुकरे येतात व त्यांच्या मागावर बिबट येतो. अन्नसाखळी नावाच्या या यंत्रणेला ना निविदा लागते, ना घंटागाडी. मात्र वस्तीत शिरलेला बिबट कुत्र्यावरच थांबेल याची हमी ती देत नाही. २०२२ साली चंद्रपूरजवळच्या दुर्गापुरात बिबट्याच्या हल्ल्यांत लेकरे आणि माणसे गेली. उष्टे कोठे टाकावे, हा प्रश्न येथे निव्वळ स्वच्छतेचा उरत नाही तो यामुळेच.

याच मुलखात पळसाच्या पानांना बारीक काड्या टोचून पत्रावळी आणि द्रोण लावले जात, पंगत उठली की ते उकिरड्यावर जात आणि पावसाळ्यानंतर शेतात. या व्यवहाराला कोणी कचरा व्यवस्थापन म्हटले नाही, म्हणून तो मोडल्याची नोंदही कोठे झाली नाही.

नियमपालनाचा एक निर्दोष दाखला तरीही उपलब्ध आहे. डिसेंबर २०२३ मध्ये ताडोब्याच्या निमढेला भागात, रामदेगीच्या टेकड्यांत, भानुसखिंडी वाघिणीच्या बछड्याने पाणवठ्यातली प्लास्टिकची बाटली तोंडात धरून बाहेर नेली, आणि त्याचे चित्रीकरण पुढे फेब्रुवारीत देशभर पाहिले गेले. ओल्यातून सुके वेगळे करणे, संकलन आणि वाहतूक हे तीनही टप्पे त्याने एकट्याने, सेवाशुल्क न आकारता पार पाडले. बाटलीचे वजन भरले असते ते फार तर वीस-पंचवीस ग्रॅम. म्हणजे तोही मोठ्या कचरा उत्पादकांत मोडत नव्हता, आणि ती उचलण्याची कसलीही कायदेशीर सक्ती त्याच्यावर नव्हती.