गाडीला हळद लागली

चाळीसगावहून छत्रपती संभाजीनगरला जायचा सरळ रस्ता औट्रम घाटातून, म्हणजे आपल्या कन्नड घाटातून जातो. पण 2023 च्या ऑगस्टमध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या आदेशानं तो जड वाहनांना बंद झाला आणि ट्रकवाल्यांच्या नशिबी नांदगाव, शिऊर बंगला, देवगाव रंगारी, कसाबखेडा असा वळसा आला. बदलीचं सामान स्वस्तात जावं म्हणून मी सरकी पेंडीच्या पोत्यांवर आमचा संसार चढवला आणि स्वतः केबिनमध्ये बसलो. बायको एसटीनं पुढे गेली. दोघांत शहाणं कोण, हे देवगाव रंगारीच्या वेशीवर ठरलं.

"घाटच नाही म्हटल्यावर गाडी गरम कशानं होईल सर?" वस्ताद, म्हणजे आमचे ड्रायव्हर, म्हणाले, आणि तापमानाचा काटा लालात गेला.

गाडी कडेला घेतली. क्लीनरनं उत्साहात फडकं घेऊन रेडिएटरच्या झाकणाला हात घातला. वस्ताद असे ओरडले, की समोरच्या टपरीवरचा चहा दोन मिनिटं उतू गेला. ते झाकण म्हणजे प्रेशर कुकरची शिट्टीच. साधारण 1 बार जादा दाब धरून ठेवतं, म्हणून आतलं पाणी 100 ऐवजी 120 अंशांपर्यंत उकळत नाही. गरम असताना उघडलं की सगळं एकदम बाहेर, आणि तेही तोंडावर.

तेव्हा थांबणं आलं. आपल्याकडे बंद पडलेल्या ट्रकभोवती माणसं जमायला निमंत्रण लागत नाही. "हेड गेलं," एकानं निकाल दिला. "वॉटर पंप," दुसरा. तिसऱ्यानं त्याच्या मेव्हण्याच्या ट्रॅक्टरची हकीकत सुरू केली. तिचा ट्रकशी काय संबंध, ते मी अजून शोधतोय. खाली वाकून बघावं तर जमिनीवर थेंब नाही. गाडी पाणी पीत होती आणि खाली काही सांडत नव्हती. इतकं नीटनेटकं पिणारं मी माणसांतही पाहिलेलं नाही.

शेवटी एक फेटेवाले आजोबा पुढे झाले. "रेडिएटरात हळद टाका. पूड भोकापाशी जाऊन बसती."

उपाय खरंच जुना आहे. सुईएवढं भोक असेल तर हळद ते बुजवते, आणि गाडी पुढच्या गावापर्यंत जाते. वाईट एवढंच, की आमच्या सामानात सर्वांत वर जो डबा होता, त्यावर बायकोनं ठसठशीत अक्षरांत 'हळद' लिहिलं होतं. वसमतची, वर्षाची, दोन किलो. पन्नास डोळे माझ्याकडे वळले. पाच चमचे म्हणता म्हणता अर्धा डबा गेला. गाडी चालू केली, टर्बोनं शिट्टी मारली आणि पाच मिनिटांत काटा पुन्हा लालात. आता बॉनेटखालून पिठल्याचा वास येऊ लागला.

मग मिस्त्री आले. त्यांनी गर्दीकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं आणि खोल श्वास घेतला. डिपस्टिक ओढून बोटावर ऑइल घेतलं. "दुधाच्या चहासारखं झालेलं नाही. मागं पांढरा धूरही नाही. हेड शाबूत आहे." पहिला गृहस्थ तिथून हळूच निघून गेला.

"थेंब काहून शोधता? डाग शोधा," मिस्त्री म्हणाले. या गाडीच्या टर्बोला ऑइलबरोबर पाण्याचीही लाइन होती. टर्बो म्हणजे इंजिनाच्याच धुराच्या जोरावर मिनिटाला लाखाच्या घरात गिरक्या घेत आत हवा कोंबणारं यंत्र, तापतं तव्यासारखं. त्यावर गळलेला थेंब जमिनीवर पोचेल कशाला? जागीच वाफ होतो. मागे राहते ती कुलंटची वाळलेली फिकट हिरवी खपली.

गाडी निवल्यावर त्यांनी पिशवीतून रेडिएटरचं एक जुनं झाकण काढलं. त्याला सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह झाळून बसवला होता. ते लावलं, हवेचा पंप जोडला आणि क्लीनरला म्हणाले, "मार. पंधरा पौंड झाले की थांब." मेव्हण्याची हकीकतही थांबली. त्या शांततेत टर्बोखालून बारीक 'स्सss' ऐकू आलं. होज पाइपचं टोक उष्णतेनं भाजल्या पापडासारखं कडक झालं होतं. त्यावरची क्लिप आवळूनही बसत नव्हती. भोवती हिरवी खपली अगदी आपला पत्ता लिहिल्यासारखी.

नवा होज, दोन क्लिपा, वीस मिनिटं.

"झालं?" मी उठलो.

"गळती झाली. आता तुमची हळद." रेडिएटरच्या नळ्या अरुंद, हळद भोकात बसते तशी त्यांच्यातही बसते, आणि मग गळती नसतानाही गाडी तापते. पुढचे तीन तास पाइप लावून पाणी सोडणं, गाडी चालवणं, निववणं, पुन्हा सोडणं. शेवटी साध्या बोअरच्या पाण्यावर भागवायचं नाही, क्षार धरतात. कुलंट अर्धं-अर्धं मिसळूनच भरायचं, अशी तंबी. खाली झोपलेल्या क्लीनरची बनियन तोवर नवरदेवासारखी पिवळी झाली होती. गावाच्या नावातल्या रंगाऱ्याला इतकं स्वस्त गिऱ्हाईक क्वचितच मिळालं असेल.

तेवढ्यात बायकोचा फोन. "कुठवर आलात? वरण टाकलंय, पण हळदीचा डबा तुमच्याकडेच राहिला."

मी गाडीखाली पाहिलं. पाणी अजून पिवळंच येत होतं.

"हळद रस्त्यावरच आहे," मी म्हणालो.