बाबा, स्कूटरचा रेनकोट आणू नका

एडिंबरा,
१२ एप्रिल

ती. आई-बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

बाबांचा मेसेज मिळाला : "जूनमध्ये डोंगरात न्यायचं म्हणतेस, तर विंडचीटर आणू का रेनकोट? एका ओळीत कळव." एका ओळीत कळवण्याजोगं असतं तर याच प्रश्नावरून आमच्या घरात अबोला झाला नसता. फोनवर सांगायला घ्यावं, तर आई मधूनच "आणि कानटोपी?" म्हणते आणि विषय तिथेच मिटतो. म्हणून हे पत्र.

आधी पावसाचं बघू. बाबा, तुम्ही भौतिकशास्त्राचे मास्तर, आकड्यांशिवाय तुमचं समाधान व्हायचं नाही. पुण्यात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. एडिंबऱ्यातही जवळजवळ तेवढाच. फरक आहे तो वाटपात. पुण्याचा पाऊस चार महिन्यांत हिशेब चुकता करून मोकळा होतो. इथला बारा महिने हप्ते भरत बसतो, आणि हप्त्याची तारीख काही सांगत नाही. आपण जाणार आहोत पश्चिमेला, फोर्ट विल्यमकडे. तिथे बेन नेव्हिसच्या माथ्यावर वर्षाला ४००० मिलिमीटरच्या आसपास पडतो. महाबळेश्वरला त्याहूनही जास्त पडतो, तेव्हा आकड्याला घाबरायचं कारण नाही. घाबरायचं ते थंडीला. आपला सह्याद्रीतला पाऊस कोमट असतो. जुलैत राजमाचीला चिंब भिजावं, वर कांदाभजी खावीत आणि खुशीत लोकल पकडावी. इथे जूनमध्येही माथ्यावर पाच-सहा अंशच असतात. त्यात अंग ओलं आणि वर वारा, म्हणजे अर्ध्या तासात बोटांना बुटाची नाडी बांधता येत नाही. "भिजलो तर भिजलो" हा बाणा पुणे स्टेशनवरच सोडून या.

आता वारा. इथल्या केर्नगॉर्म डोंगराच्या माथ्यावर २० मार्च १९८६ रोजी ताशी १७३ मैलांचा झोत नोंदला गेला, म्हणजे जवळजवळ २७८ किलोमीटर. आपल्या वाट्याला असलं काही येणार नाही, पण जो येईल तोही सिंहगडावरच्या झुळकीच्या जातीचा नसतो. आई, तू विणलेल्या स्वेटरबद्दल मला आदर आहे. पण स्वेटर ऊब धरतो तो लोकरीत अडकलेल्या हवेमुळे, आणि वारा ती हवा एका फुंकरीत काढून नेतो. त्याच स्वेटरवर शंभर-सव्वाशे ग्रॅमचं, मुठीत मावणारं विंडप्रूफ जॅकेट चढवलं की मग तुझ्या स्वेटरची किंमत कळते. कापड इतकं पातळ की आरपार बोटं दिसतात, पण वीण घट्ट. वारा अडतो, घामाची वाफ मात्र बाहेर पडते. पाणी थांबवायची अपेक्षा त्याच्याकडून ठेवू नये. भुरभुर परतवतं, सर आली की शरण जातं.

भांडण इथूनच सुरू झालं. तुमचे जावई पहिल्यापासून वॉटरप्रूफ पक्षाचे. त्यांनी एक्सेल शीट केली, रकान्यांना रंग दिले आणि शनिवारी आम्हाला दुकानात नेलं. तिथे प्रत्येक जॅकेटच्या चिठ्ठीवर १०,०००, २०,००० असे आकडे. माझा समज, किंमत असावी. ते निघाले मिलिमीटर. कापडावर पाण्याचा खांब उभा करायचा, आणि खालून थेंब झिरपायला लागेपर्यंत तो किती उंच झाला ते मोजायचं. १०,००० म्हणजे दहा मीटरचा खांब, तीन मजल्यांएवढा. मी विचारलं, आपण डोंगर चढणार आहोत का विहिरीत उतरणार आहोत? त्यावर जावईबापूंनी शांतपणे सांगितलं, की सॅकचे पट्टे खांद्यावर आणि ओल्या दगडावर टेकलेला गुडघा जो दाब देतात, त्यासाठी हे लागतं. मुद्दा बरोबर होता, म्हणून जास्तच राग आला.

या जॅकेटांच्या पोटात एक अतिपातळ पडदा असतो. बाबा, हे तुम्हाला आवडेल. १९६९ मध्ये अमेरिकेत बॉब गोर नावाचे गृहस्थ टेफ्लॉनच्या तापवलेल्या दांड्या हळूहळू ताणून बघत होते. दांड्या तुटत होत्या. शेवटी वैतागून एका दांडीला त्यांनी जोरात हिसका दिला, तर ती तुटायच्या ऐवजी कितीतरी पट लांब झाली आणि तिच्यात असंख्य सूक्ष्म छिद्रं पडली. पाण्याच्या थेंबाला त्यातून शिरता येत नाही, वाफेच्या रेणूला येतं. म्हणजे आईच्या तव्यावर जे टेफ्लॉन आहे त्याचाच हा चुलतभाऊ. त्याआधीची दीडशे वर्षं लोक काय घालत होते, तर ग्लासगोच्या चार्ल्स मॅकिंटॉशने १८२३ साली पेटंट घेतलेलं कापड : दोन थरांच्या मधे नॅफ्थात विरघळवलेलं रबर. पाणी एक थेंब आत येत नसे. घामही एक थेंब बाहेर जात नसे. शिवाय थंडीत ते ताठ होई, उन्हात चिकटे आणि वास मारे. तुमचा स्कूटरवरचा रेनकोट थेट त्याच घराण्यातला आहे, म्हणून शीर्षकातच सांगून टाकलं.

पण पडदा कितीही हुशार असला तरी चढणीवर माणसाला तासाला अर्धा ते एक लिटर घाम येऊ शकतो, आणि पडद्याची तेवढी ताकद नसते. त्यातून बाहेर पाऊस, हवा दमट. वाफ जाणार कुठे? बेन नेव्हिसला हे आम्ही डोळ्यांनी बघितलं. (हा ब्रिटनमधला सर्वांत उंच डोंगर, १३४५ मीटर. बाबा, म्हणजे तोरण्यापेक्षाही बुटका. पण हसू नका. तोरण्याच्या पायथ्याचं वेल्हे गाव मुळातच उंचावर आहे, इथला पायथा जवळपास समुद्राला टेकलेला. सगळी उंची आपल्याच पायांनी कमवावी लागते.) जावईबापू पायथ्यापासून गळ्यापर्यंत चेन लावून निघाले. मी विंडप्रूफमध्ये, वॉटरप्रूफ सॅकमध्ये. तुमची नात नुसत्या टी-शर्टात, कारण तिचं वय बारा आणि थंडी फक्त आईला वाजते असं तिचं मत आहे. अर्ध्या वाटेवर एक तळं लागतं, तिथे ढग काळे झालेले दिसले. मी सॅकमधलं वॉटरप्रूफ काढून वर चढवलं, पाठोपाठ सर आली. जावईबापू विजयी मुद्रेने म्हणाले, "बघ, शेवटी हेच लागलं ना?" सर ओसरल्यावर त्यांनी चेन उघडली, तर मोदकपात्राचं झाकण काढल्यासारखी वाफ निघाली. आतला शर्ट पिळून वाळत घालण्याजोगा. बाहेरच्या पाण्याचा एक थेंब आत आला नव्हता. सगळं घरचंच होतं.

यावरून मला मावळातलं इरलं आठवलं. पाणी पाठीवरून ओघळून जातं, अंगाला कुठे चिकटत नाही, खालून वारा मोकळा. घाम साठायचा प्रश्नच नाही. इथे मात्र ते पहिल्याच झोतात माणसासकट खोऱ्यात जाईल.

तेव्हा बाबा, निकाल असा. एकच घेणार असाल तर वॉटरप्रूफ घ्या, कारण ते वाराही अडवतं. विंडप्रूफ पाणी अडवत नाही. दोन घेणार असाल तर चालताना अंगात विंडप्रूफ आणि सॅकमध्ये वॉटरप्रूफ. ते पाऊस लागायच्या आधी चढवायचं, भिजल्यावर नव्हे. चिठ्ठीवर "वॉटर रेझिस्टंट" लिहिलेलं असेल तर दुकानदार खोटं बोलत नाहीये, पण खरंही सांगत नाहीये, असं समजून पुढे चालायचं. शिवाय जूनमध्ये इथे मिज नावाची चिलटं असतात, मिठाच्या कणाएवढी, पण चावायला डासाच्या वरताण. त्यांच्यापुढे स्वेटर कुचकामी, विंडप्रूफचं घट्ट कापड कामाचं.

बेन नेव्हिसच्या माथ्यावर जुन्या वेधशाळेचे अवशेष आहेत. १८८३ ते १९०४ अशी एकवीस वर्षं माणसं तिथे राहून हवामान नोंदत होती, तीही असल्या कुठल्या पडद्याविना. १८९४ च्या सप्टेंबरात सी. टी. आर. विल्सन तिथे दोन आठवडे होते. ढगांवर पडणाऱ्या सावलीभोवतीची रंगीत वलयं त्यांनी पाहिली, तीच आपण हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर इंद्रवज्र म्हणून बघायला जातो. ती प्रयोगशाळेत तयार करायच्या नादात त्यांचं मेघपेटीचं उपकरण निघालं, आणि त्यावर १९२७ चं नोबेल. तुम्ही बारावीला शिकवायचात ते हेच.

आई, आता तुझ्यासाठी. ही जॅकेटं पावडरमध्ये भिजत घालून ब्रशने घासायची नाहीत. सॉफ्टनर तर दाखवायचाही नाही. वरच्या कापडाला एक लेप असतो, त्यामुळे पाणी थेंब होऊन घरंगळतं. तो गेला की कापड पाणी पितं, वाफेची वाट बंद होते आणि आतला पडदा शाबूत असूनही माणूस ओला होतो. साध्या साबणाने धुवायचं, भरपूर खळबळायचं, मंद आचेवर ड्रायरमध्ये फिरवायचं. लेप पुन्हा जागा होतो.

दोन्ही जॅकेटं मी इथेच घेऊन ठेवते. पौंडाला शंभराने गुणून बाबांनी स्वतःला त्रास करून घेऊ नये. सेलमध्ये आहेत, आणि सेल रविवारी संपतो. म्हणून दोघांच्या छातीचं आणि बाहीचं माप शुक्रवारपर्यंत कळवा. माप घ्यायचं ते स्वेटर घालून.

कळावे, लोभ असावा.
तुमची,
मुग्धा