सिलिंडरची ‘एक्स्पायरी’

गॅस सिलिंडरच्या वरच्या कड्याला आधार देणाऱ्या एका पट्टीवर आतल्या बाजूने ‘बी-२७’ असे काहीतरी रंगवलेले असते. ए ते डी म्हणजे वर्षाच्या चार तिमाह्या. बी-२७ची मुदत जून २०२७पर्यंत. व्हॉट्सअ‍ॅप विद्यापीठाच्या मते त्यानंतर सिलिंडरचा बॉम्ब होतो. प्रत्यक्षात ती टाकीच्या पुढच्या दाबचाचणीची मुदत असते. ती उलटलेला सिलिंडर घेऊ नये हे खरेच, पण म्हणून तो १ जुलैला सकाळी फुटत नाही. पोलादाला कॅलेंडर वाचता येत नाही.

हा निरोप पाठवणारे काका टॉर्च लावून अक्षर शोधतात. शेजारीच शेगडीची रबरी नळी वळणावर भेगाळलेली असते. ती पाच वर्षांनी बदलायची, हे त्यांच्या गावी नसते. गळतीची शंका आलीच, तर साबणाचे पाणी लावण्याऐवजी काडी ओढून पाहणारेही हेच. एलपीजी हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचतो. वास आल्यावर पंख्याचे बटणही दाबायचे नसते. रेग्युलेटर बंद करून खिडक्या उघडाव्यात आणि बाहेर जाऊन १९०६ला फोन करावा. एवढी माहिती वितरकही देतो, पण तिच्याखाली ‘दहा जणांना पाठवा’ असे लिहिलेले नसल्याने ती पुढे सरकत नाही.