मूळचे

आमच्या सोसायटीत सी विंगला पाचव्या मजल्यावर राहणाऱ्या गृहस्थांना मी मनातल्या मनात 'मूळचे' म्हणतो. दारावर त्यांच्या नावाची पाटी आहे, नावापुढे पदवीही आहे; पण पहिल्या भेटीत त्यांनी यातलं काहीच सांगितलं नव्हतं. लिफ्टचं दार बंद होता होता ते म्हणाले, "आम्ही मूळचे शेतकरी." पाचवा मजला येईपर्यंत गाव, तालुका, विहीर आणि विहिरीकाठचा आंबा एवढं सांगून झालं. मी सहाव्यावर राहतो. उरलेला एक मजला मी आंब्याचा विचार करत काढला.

पुण्यात, त्यातून हिंजवडीच्या आसपास, ही मंडळी बक्कळ. शेती सोडून बावीस-पंचवीस वर्षं झालेली असतात, आणि होती तेव्हाही ती यांनी नाही, यांच्या वडिलांनी केलेली असते. गाडीच्या मागच्या काचेवर बैलजोडीचं स्टिकर असतं. गाडी मात्र स्पीडब्रेकरवरसुद्धा तिरकी घेतात, खाली घासेल म्हणून. पाऊस आला की बाकीचे लोक वाळत घातलेले कपडे काढायला धावतात. हे गॅलरीत हात मागे बांधून आभाळाकडे बघतात आणि म्हणतात, "चला, पेरण्या होतील आता." पाऊस मार्चमधला असला तरी.

मूळच्यांची जमीन अकरा गुंठे. आजोबांच्या माघारी वाटण्या झालेल्या नाहीत, त्यामुळे सातबाऱ्यावर नावं चौदा. एका गुंठ्याचे १,०८९ चौरस फूट होतात. मी एका रविवारी हिशेब केला. यांच्या वाट्याला साधारण ८५५ चौरस फूट येतात. त्यांचा फ्लॅट ९४० चा आहे. म्हणजे अख्खी शेती घरात आणून अंथरली तरी हॉलमध्ये सोफ्यापुरती जागा उरेल.

पण हे त्यांना बोलून दाखवायचं नसतं. महाराष्ट्रात शेतजमीन विकत घ्यायची तर माणूस आधी शेतकरी असावा लागतो, त्यामुळे सातबाऱ्यावरचं नाव हा जमिनीपेक्षा मोठा ऐवज. मूळचे अधूनमधून पंधरा रुपये भरून डिजिटल सहीचा उतारा काढतात आणि आपलं नाव आहे ना ते बघतात. असतं. नवव्या क्रमांकावर.

तर गेल्या जानेवारीत काय झालं, की त्यांच्या मुलीला, इराला, शाळेत बाईंनी विचारलं, तुझे बाबा कोण आहेत? तिच्या मैत्रिणींनी इंजिनिअर, डॉक्टर वगैरे सांगितलं होतं. इरा म्हणाली, "माझे बाबा मूळचे आहेत." बाई म्हणाल्या, मूळचे कोण? त्यावर इरा म्हणाली, "नुसते मूळचे."

त्याच संध्याकाळी त्यांनी ठरवलं की पोरांना माती दाखवायची. गावाला नेणं शक्य नव्हतं, कारण गावाला चुलतभावाशी बोलणं बंद आहे. तेव्हा बारामतीचं 'कृषिक'. दर जानेवारीत तिथल्या कृषी विज्ञान केंद्रावर भरणारं प्रदर्शन. नुसते तंबू आणि फलक नाहीत, पिकं खरोखर जमिनीत उभी असतात. बरोबर म्हणून मला घेतलं. वहिनी येणार नव्हत्या.

वहिनींबद्दल एवढंच सांगतो, की त्या टेंभुर्णीकडच्या. लग्नापर्यंत दर सुट्टीत त्यांनी कांदा काढला आहे, उसाला पाणी धरायला रात्री वडिलांबरोबर बॅटरी घेऊन गेल्या आहेत. 'आम्ही मूळचे' हे शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलेले नाहीत. त्या दारात येऊन म्हणाल्या, "माझं बघून झालंय. येताना हरभऱ्याची भाजी मिळाली तर आणा. कोवळी बघून." आणि दार लावून परत झोपल्या.

आम्ही दिवे घाट चढलो. सासवड, जेजुरी, मोरगाव असा रस्ता. जेजुरीचा गड दिसल्यावर मूळच्यांनी गाडीतूनच हात जोडले. पुढे दोन्ही बाजूंना ज्वारी उभी होती, कणसं भरत आलेली. इराने विचारलं, "बाबा, हा मका का?" मूळचे म्हणाले, "हो." मी काही बोललो नाही. माझे आजोबा सदाशिव पेठेतले. ती ज्वारी होती हे मलाही पुढच्या हुरड्याच्या पाटीवरून कळलं.

प्रदर्शनाच्या फाटकातच मूळच्यांचं चालणं बदललं. पाय जरा फाकवून, हात मागे, मान वर. खिशातून पांढरी टोपी निघाली. इस्त्रीची घडी मोडलेली नव्हती, त्यामुळे ती डोक्यावर टोपीसारखी न बसता पाकिटासारखी बसली. आजूबाजूला खरे शेतकरी बेसबॉलच्या टोप्या घालून हिंडत होते. त्यांच्यावर ट्रॅक्टर कंपन्यांची नावं होती.

अशा प्रदर्शनात दर स्टॉलवर एक तोंडी परीक्षा असते. प्रश्न तीनच. किती एकर? पीक काय? पाणी कशाचं? शेतकरी ही उत्तरं नाव सांगावं तशी देतो. मूळच्यांना मात्र दर वेळी घाम. ठिबकच्या स्टॉलवर ते म्हणाले, "आहे थोडीफार. पाचएक एकर." पॉवर टिलरच्या स्टॉलवर बारा झाले. सोलर झटका मशीनवाल्याने रानडुकरांचा त्रास किती म्हणून विचारलं, तर म्हणाले, "फार." आमच्याकडे पार्किंगमध्ये एक मांजर आहे. फवारणीच्या ड्रोनपाशी पोचेपर्यंत शेती वीस एकरांवर गेली. कंपनीचा टीशर्ट घातलेला एक मुलगा अदबीने लिहून घेत होता.

"पीक, सर?"

"आपल्याकडे तुळस आहे," इरा म्हणाली. "आणि मनीप्लँट."

"ऊस," मूळचे जोरात म्हणाले.

"पाणी कशाचं?"

"टँकरचं!" इरा ओरडली. यात तिची चूक नाही. आमच्या सोसायटीत रोज सकाळी टँकर येतो आणि पोरं तो मोजतात.

मुलाने वर पाहिलं. चेहऱ्यावर खरीखुरी कणव. "दुष्काळी पट्टा का सर?"

मूळच्यांनी मान डोलावली. पत्ता विचारला तेव्हा मात्र त्यांचा आवाज बसला होता.

तिथून आम्ही चाऱ्याच्या वाफ्यांकडे गेलो. हिरवी, त्रिदळी पानं, कमरेएवढ्या बांधावरून छान दिसत होती. मूळचे गुडघ्यावर बसले, पोरांना जवळ ओढलं आणि त्या खास आवाजात म्हणाले, "ही बघा मेथी." पलीकडे एका कालवडीला तीच कापून टाकली होती, ती मन लावून खात होती.

"गाय मेथी खाते?" इराने विचारलं.

"गावाकडच्या गायी खातात."

बांधाला टेकून एक म्हातारबाबा तंबाखू मळत बसले होते. ते म्हणाले, "पाव्हणं, घास हाय त्यो. लसूणघास. मेथी न्हवं." आणि मग मूळच्यांच्या तोंडाकडे बघून त्यांनाच वाईट वाटलं असावं, म्हणाले, "फसतंय मानूस. पान सारखंच दिसतंय."

धाकटा विहान साडेतीन वर्षांचा. त्याला प्रदर्शनात आल्यापासून एकच गोष्ट आवडली होती, ती म्हणजे जमीन. मूळचे ज्या मातीसाठी शंभर किलोमीटर गाडी चालवून आले होते, ती मुरूम-मातीच होती, आणि विहान तिच्यात फतकल मारून बसला. दोन्ही मुठी भरून डोक्यावर घेतली. तर मूळचे धावले, "अरे घाण! घाण!" आणि ओल्या टिश्यूचं पाकीट काढलं. म्हातारबाबांनी तंबाखू तोंडात टाकली आणि तोंड दुसरीकडे वळवलं.

जनावरांच्या मांडवात इरा काळ्या-पांढऱ्या एचएफ गायीपुढे जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "ही खरी गाय!" तिच्या सगळ्या पुस्तकांत हीच असते. मूळच्यांना हे लागलं. ते तिला ओढत खिलारकडे घेऊन गेले. पांढरीशुभ्र, अंगाने चवळीच्या शेंगेसारखी, शिंगं मागे गेलेली, माणदेशातलं चित्रच. "ही आपली गाय, बाळा."

इराने बराच वेळ पाहिलं. "पण ती चिडलीय."

मालक हसला. "बरोबर वळखलं पोरीनं. परका मानूस खपत न्हाई तिला." हे त्याने मूळच्यांकडे बघून म्हटलं की सहज, सांगता येत नाही.

पुढे म्हशी. तिथे फरक आधी इराला दिसला. एकीची शिंगं जिलबीसारखी वेटोळी, दुसरीची तलवारीसारखी पार खांद्यामागे गेलेली. मूळचे म्हणाले, "दोन्ही म्हशीच." जिलबीवाली हरियाणाकडची मुऱ्हा आणि तलवारवाली पंढरपुरी, हे तिथल्या पोराने सांगितलं. पंढरपुरीच्या शिंगांची लांबी त्याने हाताने मोजून दाखवली, ती इराच्या कमरेपर्यंत आली. त्यानंतर इरा मूळच्यांना काही विचारेना. ती सरळ त्या पोरालाच विचारू लागली. तो असेल आठवीतला. त्याला सगळं येत होतं.

उस्मानाबादी शेळीपाशी विहानने हातातलं पत्रक पुढे केलं. कुठल्याशा अनुदान योजनेचं होतं, चार रंगांत छापलेलं. शेळीने ते शांतपणे घडीसकट खाल्लं. सरकारी योजना थेट शेळीपर्यंत पोचलेली मी पहिल्यांदाच पाहिली.

आता खरं सांगायचं तर मूळच्यांना सगळीकडेच अडखळताना पाहिलं असं नाही. हे कृषी विज्ञान केंद्र चालवणाऱ्या ट्रस्टने मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्डच्या सहकार्याने उसाला एआय लावलाय. शेतात हवामानाचं यंत्र उभं, जमिनीत सेन्सर, वरून उपग्रहाची छायाचित्रं, आणि कुठल्या कोपऱ्याला किती पाणी हवं ते मोबाइलवर. त्या मांडवात मूळच्यांनी टोपी काढून खिशात ठेवली. हात मागचे पुढे आले. डेटा किती वेळाने येतो, नेटवर्क गेलं तर काय, दोन सेन्सर वेगळं सांगायला लागले तर खरं कोणाचं धरता, असे प्रश्न त्यांनी एकामागून एक विचारले की समजावून सांगणारी मुलगी खुर्ची ओढून बसली. भोवती सात-आठ शेतकरी जमले. वीस मिनिटं हा माणूस कुठलाही मूळचा नव्हता आणि फार चांगला दिसत होता. पोरं तेवढ्यात माझ्या हातून सुटून रेनगनपाशी गेली.

रेनगन म्हणजे बंदुकीसारखं तोंड असलेला मोठा फवारा, गोल फिरतो आणि लांबवर पाऊस पाडतो. तो कधी आपल्याकडे वळेल याचा अंदाज शेतकऱ्यांच्या पोरांना होता. ती बरोबर मागे सरत होती. आमची दोघं पुढे सरली. डोक्यावर मुठीने घेतलेल्या मातीचं काय होतं ते विहानला तेव्हा कळलं, आणि तो इतका खूश झाला की तिसऱ्या फेरीला मी वाचवायला गेलो तर मलाच त्याने आत ओढलं.

मूळचे आले तेव्हा त्यांच्याबरोबर एक शेतकरी होता, इंदापूरकडचा, पन्नाशीचा. तो म्हणाला, "साहेब, कंपनी कंची?"

मूळच्यांनी शेवटचा प्रयत्न केला. "नाही, आम्ही मूळचे—"

"बुटावरनं कळतंय," तो समजुतीने म्हणाला. "पोरगं कॉम्प्युटरला हाय शेवटच्या वर्षाला. तेवढं बघा कुठं चिकटतंय का. शेतीत काय ठेवलं न्हाई." आणि आपल्या पोराला या सगळ्यातलं काहीएक नको असं सांगत असताना त्याचं लक्ष मात्र शेजारच्या कडबाकुट्टीच्या जोडावर होतं. जाता जाता त्याने तो अंगठ्याने दाबून पाहिला, जीएसटी धरून किंमत विचारली, आणि नाही घेतली.

परतीच्या वाटेवर मोरगावच्या अलीकडे हरभरा दिसला. मूळच्यांनी स्वतः उतरून, हाताळून, भाव करून दोन जुड्या घेतल्या. पोरं मागे चिखलासकट झोपली होती. वहिनींनी दारातच एक काडी मोडून पाहिली. "भाजीचा नाही आता, घाट्यांचा झालाय," म्हणाल्या. मग चिखलात माखलेल्या विहानला उचलून कडेवर घेतलं, तसाच, आणि आपल्या पांढऱ्या कुडत्याकडे एकदाही पाहिलं नाही.

इंदापूरकडच्या त्या शेतकऱ्याच्या मुलाचा बायोडेटा मूळच्यांनी दुसऱ्याच आठवड्यात आपल्या कंपनीत दिला. मला माहीत आहे, कारण इंग्रजी तपासायला तो माझ्याकडे आला होता. ड्रोनवाल्याचा फोन अजून येतो. मूळचे लिफ्टमध्ये असले तरी उचलतात आणि सांगतात, "या वर्षी नाही जमणार, पाऊसपाणी बघून पुढच्या वर्षी." त्या वेळी लिफ्टमधले बाकीचे लोक आदराने गप्प राहतात.

प्रदर्शनात घेतलेली गांडूळखताची दहा किलोंची पिशवी मात्र अजून त्यांच्या डिकीत आहे. कुणाच्या कुंड्या रिकाम्या असतील तर सी विंग, पाचवा मजला. खत फुकट मिळेल. आंब्याची गोष्ट ऐकावी लागेल.