गाडी नाही म्हणजे दिवाळं नाही

उत्रेख्त (नेदरलँड्स), रविवार

ती. आई-बाबांस सा. न.

कुकर लावलाय, शिट्ट्या होईपर्यंत लिहिते. आई, काल फोनवर तुझा सूर असा होता, जणू आमच्यावर जप्तीच आली. सुमनकाकूला सांग, गाडी घेतली नाही म्हणजे दिवाळं निघालेलं नाही! इथे डॉक्टरही सायकलनेच दवाखान्यात जातात. आमच्या गल्लीतल्या एक आजी काठी कॅरिअरला अडकवून सायकलवर भाजी आणायला जातात. चालताना काठी लागते, सायकलवर लागत नाही.

भाजणी पोचली. मेतकुटाची पुडी फुटून सगळ्या खोक्याला वास लागला होता. छान झालं. खोकं अजून टाकलं नाहीये.

मिन्याचं लग्न जमलं हे मला फेसबुकवरून का कळावं? मुलगी नागपूरची म्हणे. बंड्यामामा वरातीत पुन्हा घोड्यावर बसणार. त्याला आधीच आवरा.

हां, गाडी. शहरात रस्त्यावर गाडी उभी करायचा ताशी दर वाचूनच ह्यांना घाम फुटतो. उलट स्टेशनच्या पोटात सायकलींसाठी तीन मजले आहेत, 12,500 सायकली मावतात. पहिले चोवीस तास फुकट, पुढे दिवसाला थोडं भाडं. सायकल लावली की तिथूनच जिन्याने फलाटावर. फक्त कप्पे दुमजली, आणि खालचे कायम भरलेले. वरचा रूळ खेचून खाली कलवायचा, सायकल चढवायची आणि खांदा लावून ढकलायचं. माझी उंची तुम्हाला माहीत आहेच.

आता इथला छळ ऐका. साध्या सायकलला हेल्मेटची सक्ती नाही. म्हणजे डोकं उघडं चालतं, पण अंधार पडल्यावर पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा नसेल तर सत्तरएक युरो दंड! सात हजार रुपये झाले, बाबा. हातात फोन दिसला तर दीडशेच्या वर. 1 जुलै 2019 पासून तसा कायदाच आहे. म्हणून आई, संध्याकाळी फोन उचलला नाही तर लगेच सोळा जणांना कळवू नकोस. ह्यांना नोव्हेंबरात पकडलं. "रस्त्यावर एवढे दिवे असताना माझा कशाला?" असा सदाशिवपेठी युक्तिवाद ह्यांनी केला. पोलिसाने शांतपणे ऐकून घेतला. दंड पोस्टाने घरी आला.

पिल्लूला पुढच्या पेटीत बसवून न्यायची बॅटरीची सायकल पाहिली. नवी पाच-सहा हजार युरो. रुपयांत सांगत नाही, आईची बीपीची गोळी व्हायची असेल. आम्ही जुनी, बिनबॅटरीची घेतली. चढ आला की हे बॅटरी.

बाबा, "ती माणसं जन्मतःच सायकलवाली" हे तुमचं म्हणणं मात्र मला मान्य नाही. इथेही गाड्यांचा पूर आला होता. 1971 साली रस्त्यांवर तीन हजारांहून जास्त माणसं गेली, त्यांत चारशेवर मुलं. मग आईबाप रस्त्यावर बसले, 1973 ला तेल महागलं, तेव्हा कुठे सरकार हललं. आमच्या उत्रेख्तने तर जुन्या कालव्याची जागा मोटारींच्या रस्त्याला दिली होती. 2020 मध्ये तिथे पुन्हा पाणी खेळवलं. लाल डांबराच्या वेगळ्या वाटा भांडून मिळवल्यात. आपलं पुणं तर सायकलींचंच शहर होतं! तुम्ही खडकीला फॅक्टरीत सायकलनेच जायचात ना? ती सुटली ती आळसाने नाही, मागून येणाऱ्या बसच्या भीतीने. आता ट्रॅक आहेत, पण त्यांवर दुचाक्या लावलेल्या नाहीतर वडापावची गाडी. सोसायटीचं रीडेव्हलपमेंट होतंय ना, मग बिल्डरला विचारा, सायकलींना जागा कुठे आहे? घरटी दोन गाड्या लिहिल्या असतील, पैज लावते.

आज कोथिंबीर आणताना समोरून वारा असा होता की पेडल मारूनही जागच्या जागी. उगाचच मंडईतून येताना तुमच्या सायकलच्या दांडीवर बसायचे ते आठवलं. पिशवीतली गवार पायाला टोचायची, तक्रार केली की तुम्ही घंटी वाजवायचात. डोळ्यांत पाणी वाऱ्याने आलं, असं ह्यांना सांगितलं.

शिट्ट्या मोजायच्या राहिल्या, भाताचा गोळा होणार.

मे महिन्यात याल तेव्हा आईने पंजाबी ड्रेस आणावेत, साडी चाकात जाते. बाबा, तुमच्यासाठी सायकल बघून ठेवली आहे. तिला हाताचा ब्रेक नाही, पेडल उलटं मारलं की लागतो. गुडघ्याच्या डॉक्टरांना आत्ताच विचारून ठेवा.

तुमची,
चिमी