घरची शाळा

३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्राने मराठीला अभिजात दर्जा दिला आणि लगेचच्या रविवारी आमच्या घरी मराठीची शाळा भरली. मुख्याध्यापक मी, घंटा वाजवणारा शिपाईही मीच. विद्यार्थिनी एकच, इंग्रजी माध्यमाची, इयत्ता चौथी.

पहिल्याच तासाला 'एकोणसत्तर' आडवं आलं. एकाने उणे सत्तर, मी ऐटीत फोड करून सांगितली. "मग नव्व्याण्णवला एकोणशंभर का नाही म्हणत?" मधली सुट्टी जाहीर करावी लागली.

साहित्याच्या तासाला 'श्यामची आई'. साने गुरुजींनी ते नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, हे मी भक्तिभावाने सांगितलं. "म्हणजे त्यांनाही घरीच बसवलं होतं?" (घरी नाही, पण भावना पोहोचली.)

खरी शाळा ओट्यापाशी चालू होती. अभ्यासक्रम नाही, प्रगतिपुस्तक नाही. आजीच्या हाताखाली कन्या मिरच्यांची देठं खुडत होती, मेथी निवडत होती, वाटाणे सोलत होती. भाजी चिरतात, कोथिंबीर कातरतात, फणस फोडतात. तिच्या शाळेत या सगळ्याला एकच 'कट'.

परवा आजी काकाकडे राहायला गेली. शाळा बंद आहे.