कर्कटी कुळातला माणूस

सक्युलंट जमवणाऱ्यांमध्ये एक छोटी पोटजात आहे. तिला फूल नको, फळ नको, पानाचेही फारसे अप्रूप नाही. हवा असतो तो फक्त मातीलगतचा फुगलेला बुंधा. या बुंध्याला ही मंडळी ‘कॉडेक्स’ म्हणतात. त्यातही ज्याचा जीव केवळ कर्कटी कुलातल्या, म्हणजे काकडी, दुधी, कारले, तोंडले यांच्या खानदानातल्या बुंध्यांवर जडला आहे, तो कॉडेक्सवाल्यांमधला कडवा. कॅलिफोर्नियातल्या परसात, इंग्लंडातल्या काचघरात आणि अलीकडे पुण्या-ठाण्याच्या बाल्कनीतही तो आढळतो. खाली वर्णन केलेला नमुना बाल्कनीतला आहे.

लहानपणी तो कारल्याची भाजी ताटाच्या कडेला सारत असे. आता मोमोर्डिका रोस्ट्राटा ही पूर्व आफ्रिकेतली कारल्याचीच भावकी त्याच्याकडे पसरट कुंडीत विराजमान असते. तिची किंमत घरी सांगताना तो शेवटचे शून्य गाळतो. मंडईत कारल्याच्या दहा रुपयांसाठी घासाघीस करणारा हाच माणूस, हे घरच्यांना ठाऊक असते. शून्याचे मात्र त्यांना अजून ठाऊक नसते.

या वनस्पतींची मूळ युक्ती साधी आहे. आफ्रिका, मादागास्कर आणि मेक्सिकोच्या कोरड्या मुलखात पाऊस थोडे आठवडे येतो. तेवढ्यात बुंध्यातून वेल सुसाट निघतो, तणाव्यांनी झुडपावर चढतो, फुलतो, फळतो आणि वाळून जातो. उरलेले महिने बुंधा आत साठवलेल्या पाण्यावर आणि पिठूळ द्रव्यावर काढतो. जनावरांनी तो खाऊ नये म्हणून बहुतेकांच्या अंगी या कुळाचा प्रसिद्ध कडूपणा असतो. शिवाय बुंधा बहुधा मातीत, दगडाच्या आडोशाला किंवा झुडपाच्या सावलीत दडलेला असतो. म्हणजे वनस्पती जन्मभर जे झाकून ठेवते, नेमके तेच कॉडेक्सवाला उकरून चारचौघांत मांडतो. उघड्या बुंध्याला ऊन भाजते. मग तो बाल्कनीला हिरवी जाळी लावतो आणि मातीने जे फुकट केले असते ते तीनशे रुपयांत साधतो.

वेलाचे त्याला वावडे असते. वेल म्हणजे बुंध्याच्या मागे लागलेली प्रापंचिक कटकट. गेरार्डँथस मॅक्रोऱ्हायझस या दक्षिण आफ्रिकी वेलीचा बुंधा नदीतल्या गोट्यासारखा गुळगुळीत आणि जुना झाला की जात्याएवढा होतो. पण तिचा वेल पावसाळ्यात बघता बघता दोरीवरच्या टॉवेलाला विळखा घालतो. घरात यावरून जे संवाद होतात ते बागकामाच्या पुस्तकांत सापडत नाहीत.

कॉडेक्सवाल्यांच्या समाजात उतरंड असते. अडेनियमवाला तळाशी. त्याचाही बुंधा फुगतो, पण त्याला गुलाबी फुले येतात आणि तो कोपऱ्यावरच्या नर्सरीत मिळतो, हे दोन्ही गुन्हे अक्षम्य. शिखरावर डेंड्रोसिकिऑस सोकोट्रानस. येमेनच्या सोकोत्रा बेटावर वाढणारा हा काकडीचा भाऊबंद सगळ्या कुळात एकटाच खराखुरा वृक्ष होतो. बाकी खानदान वेलीतच राहिले. वनस्पतिशास्त्रज्ञ आयझॅक बेली बाल्फोर 1880 मध्ये त्या बेटावर गेला होता, हे कॉडेक्सवाला कुठल्याही लग्नाच्या पंगतीत, कोशिंबीर वाढली जाताच, सांगू शकतो. दुष्काळात बेटावरचे लोक हे झाड तोडून गुराढोरांना घालतात, हे सांगताना त्याचा आवाज भरून येतो. शेजारी बसलेला माणूस काकडी खात राहतो.

त्याची दुसरी आवडती कथा इबर्व्हिलिया सोनोरीची. मेक्सिकोच्या सोनोरा वाळवंटातला तिचा एक बुंधा विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत एका संग्रहालयात मातीविना, पाण्याविना नुसता ठेवला होता. ओळीने आठ उन्हाळे त्याने न चुकता कोंब काढले. वजन साडेसात किलोवरून साडेतीनवर आले, इतकेच. ही कथा सांगणाऱ्याच्या घरी तीच जात आठ दिवसांत कुजते. कारण संग्रहालयाला तिच्याविषयी माया नव्हती. याला आहे, आणि ती झारीतून बाहेर पडते.

पाहुणे हा त्याच्या आयुष्यातला कसोटीचा प्रसंग. हिवाळ्यात वेल झडून जातो आणि बाल्कनीत फक्त बटाट्याच्या मोठ्या भावंडांसारखे गोळे उरतात. ‘मेलंय का हो हे?’ या प्रश्नाला तो ‘सुप्तावस्था’ असे एका शब्दात उत्तर देतो आणि पुरावा म्हणून अंगठ्याने बुंधा दाबून दाखवतो. कडक म्हणजे जिवंत, मऊ म्हणजे तेरावा. दुसरा प्रश्न मामंजींचा: ‘साखरेवर चालतं का?’ याचा त्याला मनस्वी राग येतो. खरे तर मामंजींचे चुकलेले नसते. मेक्सिकोत त्याच्या लाडक्या इबर्व्हिलियाचे कंद ‘वेरेके’ या नावाने नेमके मधुमेहावरचे म्हणूनच विकले जातात. तमिळनाडूत कोरालोकार्पस एपिजियस हा आपला देशी गड्डा ‘आकाशगरुडन’ म्हणून दृष्ट लागू नये यासाठी दारावर दोरीने टांगतात आणि तो हवेतल्या हवेत कोंब काढतो. कॉडेक्सवाल्याच्या सगळ्या शास्त्रशुद्ध कुंड्यांपेक्षा ती दोरी अधिक यशस्वी आहे, हे त्याला कोणी सांगू नये.

मग उपवर वेलींचा प्रश्न येतो. या कुळात नर वेल वेगळा आणि मादी वेल वेगळा असण्याची रीत बरीच आहे. इबर्व्हिलिया आणि गेरार्डँथस दोन्ही त्यातल्या. पहिले फूल येईपर्यंत घरात कोण नांदते आहे ते कळत नाही. म्हणून चार-चार वर्षे सांभाळलेल्या मादीसाठी तो नाशिकपासून बंगळुरूपर्यंत स्थळे शोधतो. पत्रिका जुळते, पण फुले जुळत नाहीत: तिकडचा नर जूनमध्ये फुलतो, इकडची मादी ऑगस्टमध्ये. परागकण डबीत घालून फ्रिजमध्ये ठेवण्याचा प्रयोग एकदाच होतो, कारण घरच्यांनी ती डबी हिंगाची समजून उघडलेली असते. एवढा खटाटोप बियांसाठी. फांदी खोचून वेल होतो, पण बियाण्यातून वाढलेल्या रोपासारखा सुबक बुंधा सहसा धरत नाही. आणि रानातून उपटून आणलेला जुना बुंधा घेणे हा अपराध. याच कुळातल्या, मादागास्करच्या झिगोसिकिऑसच्या दोन जातींवर 2010 पासून साइट्सचे आंतरराष्ट्रीय व्यापार-नियंत्रण आहे. सच्चा कॉडेक्सवाला हे पाळतो. फक्त एखादा फारच मोठा, फारच सुरकुतलेला बुंधा विकायला दिसला की तो ‘हा बियाण्याचाच असणार’ असे स्वतःला सांगताना ऐकू येतो.

दर रविवारी फीत घेऊन मापे घेतली जातात. परीघ वहीत मिलिमीटरमध्ये टिपला जातो. मुलांची उंची दारामागे शेवटची कधी नोंदवली, ते मात्र पेन्सिल पुसट झाल्याने वाचता येत नाही.

या वेडाचा शेवटचा टप्पा घरातच घडतो. बाल्कनीच्या दुसऱ्या टोकाला, ग्रिलवर, त्याच्या आईचा तोंडल्याचा वेल असतो. बारा वर्षांचा, डालड्याच्या जुन्या डब्यातला, आठवड्याला एक भाजी देणारा. तोंडले म्हणजे कॉक्सिनिया ग्रँडिस आणि तोही जमिनीखाली जाड गड्डा धरतो, हे कॉडेक्सवाल्याला एका रात्री वाचनात सापडते. दुसऱ्या दिवशी आई देवळात गेल्यावर डबा कापला जातो. आत मनगटाहून जाड, वाकडातिकडा, सुरेख बुंधा निघतो. तो धुऊन, मुळे छाटून, पसरट कुंडीत अर्धा वर काढून, भोवती पांढरे खडे पसरून मांडला जातो. वेल अर्थातच कापलेला असतो.

त्या आठवड्यात तोंडली मंडईतून आणावी लागतात. ती आणायला त्यालाच पाठवले जाते.